दुर्बिणीचे टाके आणि पोटावरचा लांब छेद: घरी जखम कशी पाहावी

ऑपरेशन दुर्बिणीने झाले की पोट उघडून, हे घरी जखम सांभाळणाऱ्याने आधी नीट विचारून घ्यावे, कारण दोन्हींचे धोके वेगळ्या जागी आणि वेगळ्या दिवशी दिसतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून साधारण ५ ते १२ मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून काम होते. त्वचा आणि स्नायू कमी कापले गेल्यामुळे जखमेत पू होण्याचे प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा कमी असते. मात्र "छिद्रेच तर आहेत" असे म्हणून तिकडे लक्षच न देणे आपल्याकडे सर्रास घडते, आणि ते मला फार धोक्याचे वाटते.

पट्टी काढण्यास डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज ठरावीक वेळी, साबणाने हात धुऊन, भरपूर उजेडात जखम पाहावी. कडेची त्वचा गरम लागते का, हे बोटांच्या मागच्या बाजूने हलकेच पाहावे. लाली दिसली तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेलेली असेल, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढले असेल, ताप किंवा पू आला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुर्बिणीच्या जखमांत बेंबीजवळच्या छिद्राला जास्त जपावे. पित्ताशय किंवा अपेंडिक्स बऱ्याचदा तेथूनच बाहेर काढतात आणि बेंबीत मळही साचतो. त्यात परकराची किंवा पायजम्याची नाडी नेमकी तेथेच घासते, म्हणून टाके निघेपर्यंत सैल गाऊन किंवा लुंगी बरी. उन्हाळ्यात, पारा ४० अंशांच्या वर असताना, घामाने भिजलेली पट्टी तशीच ठेवू नये. टँकरचे किंवा हौदाचे पाणी थेट जखमेवर घेऊ नये, ते उकळून गार करून वापरावे. हळद, तेल, राख यांपैकी काहीही लावू नये.

एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. उपकरणे नीट निर्जंतुक झाली नसतील तर क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पण क्षय न करणारे जंतू छिद्रांत शिरतात. जखम आधी भरलेली दिसते आणि काही आठवड्यांनी तेथे कडक गाठ येऊन पाणी झिरपू लागते. नेहमीच्या गोळ्यांनी ते थांबत नाही. अशा वेळी औषधे बदलत बसण्यापेक्षा तो स्राव तपासणीस पाठवण्याचा आग्रह धरावा. उपचार कित्येक महिने चालतात.

उघड्या ऑपरेशनात पू बहुधा पहिल्या दहा-बारा दिवसांत होतो. त्याहून भयंकर म्हणजे टाके उसवणे. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान पट्टी अचानक गुलाबी पाण्याने भिजली, तर आतले टाके सुटत असल्याची ती खूण असू शकते. आतडे बाहेर आले तर ते आत ढकलू नये. सलाइनने ओले केलेले स्वच्छ कापड झाकावे, रुग्णाला गुडघे वाकवून निजवावे, खायला-प्यायला काही देऊ नये आणि १०८ वर फोन करावा. एरवी, टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून, खोकताना उशी पोटाशी घट्ट धरावी.

साखर वाढलेली असणे आणि तंबाखू-मिश्री यांमुळे जखम भरण्यास वेळ लागतो. "भाताने पू होतो" म्हणून रुग्णाला भात-वरण तोडतात, त्याला आधार नाही. भाकरीबरोबर घट्ट वरण, दूध, चालत असल्यास अंडी द्यावीत.

लांब छेदानंतर निदान सहा आठवडे जड उचलू नये. पाण्याचा हंडा त्यातच आला, उसाची मोळी तर आलीच, मग मुकादमाने कितीही घाई केली तरी. जखमेजवळ खोकल्यावर फुगणारी आणि निजल्यावर आत जाणारी गाठ दिसली, तर ती हर्नियाची असू शकते आणि सर्जनला दाखवावी. हीच गाठ कडक होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.