बुलिंगविरोधी कार्यक्रमाचा उपयोग झाला का? तपासताना या चुका टाळा

दहा सत्रं झाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी 'नाही म्हण, तिथून निघ, मोठ्यांना सांग' हे खणखणीत म्हणून दाखवलं, पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि अहवालात 'कार्यक्रम यशस्वी' अशी नोंद झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या कार्यक्रमांचं मूल्यमापन अनेकदा इथेच थांबतं. वाक्यं पाठ झाली हे कळलं. पण व्हॅनमधलं चिडवणं, ढकलणं, डबा पळवणं थांबलं का?

हो-नाहीचे प्रश्न

सर्वांत जास्त नुकसान या चुकीमुळे होतं. "तुला कुणी त्रास देतं का?" "हो." पाच मिनिटांनी, "इथे सगळे चांगले वागतात ना?" "हो." यात खोटेपणा नसतो. 'हो' म्हटलं की मोठी माणसं खूश होतात, हे अनेकजण लहानपणापासून शिकलेले असतात. कॅरल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच ही सवय संशोधनातून दाखवून दिली होती.

त्यापेक्षा चित्रं दाखवा. इमारतीचा साधा नकाशा काढून "कुठे जायला आवडत नाही?" असं विचारा; जिन्याखालची जागा किंवा स्वच्छतागृह यावर बोट ठेवलं गेलं, तर पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं. महत्त्वाचा प्रश्न दोनदा, उलटसुलट शब्दांत विचारा आणि उत्तरं जुळतात का पाहा.

काळाचंही तसंच. बुलिंगचे अभ्यासक ओल्वेउस यांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत 'गेल्या दोनेक महिन्यांत किती वेळा?' असा हिशेब मागतात. असा महिन्यांचा हिशेब यांतल्या अनेकांना जमत नाही; त्यांना 'गणपतीच्या सुट्टीनंतर' असं विचारलेलं बरं.

उत्तरं भरवशाची नाहीत म्हणून फक्त पालकांना विचारणं ही त्याहून वाईट चूक. व्हॅनमध्ये काय होतं हे आईला कुठून दिसणार? आणि ज्या ताईंनी सत्रं घेतली त्यांनीच मुलाखती घेऊ नयेत. त्यांना दुखवायचं नाही म्हणून कुणी खरं सांगणार नाही.

तक्रारी वाढल्या म्हणून घाबरणं

आधी दोन तक्रारी, नंतर नऊ. संचालक म्हणतात, कार्यक्रम फसला. घाई करू नका. आधी ज्याला 'मस्करी' म्हणायचे, त्याला आता 'त्रास' हा शब्द मिळाला असेल. तक्रारींसोबत जेवणाच्या सुट्टीतलं आणि व्हॅनच्या रांगेतलं प्रत्यक्ष निरीक्षणही ठेवा, तेही कार्यक्रमाच्या आधीपासून.

'मित्र' सुटून जातात

प्रौढांच्या कार्यशाळांत हे फार दिसतं. कुणी गोड बोलून रोज चहाचे पैसे घेतं, मोबाइल रिचार्ज करून घेतं. 'त्रास' विचारला तर उत्तर येतं, "तो माझा मित्र आहे." म्हणून कृती विचारा: तुझे पैसे कोण घेतं? परत देतं का?

सगळं मोजमाप सहन करणाऱ्याचंच करू नका. तो 'नाही' म्हणायला शिकला, पण त्रास देणारे आणि बघे तसेच राहिले, तर भार त्याच्याच खांद्यावर पडला. तसंच, लगेच मोजून थांबू नका. सहा महिन्यांनी पुन्हा जा.

उघड झालेल्या गोष्टीचं काय?

मुलाखतीत कुणी मारहाणीचं किंवा लैंगिक छळाचं सांगितलं, तर पुढे काय, हे पहिल्या प्रश्नाआधी ठरलेलं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलाचा लैंगिक छळ असेल, तर पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या (२०१६) कलम ९२ खाली दिव्यांग व्यक्तीला लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमानित करणं किंवा धमकावणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेचा. कुणाला फोन करायचा, त्या दिवशी त्या मुलाजवळ कोण बसेल, ही नावं कागदावर लिहूनच मुलाखतीला बसा.