जुन्या जीपला हीटर बसवताना
हिवाळ्यात स्पितीला जायचं म्हणून महिंद्राच्या एमएम ५४० जीपला हीटर बसवताय तर आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बघा, बऱ्याच जुन्या जीपमधून तो कोणीतरी काढूनच टाकलेला असतो आणि मग थंडीत इंजिन नीट तापतच नाही, हीटर कितीही भारी लावा, गारच हवा येणार. हीटरसाठी गरम पाणी, म्हणजे कूलंट, इंजिनच्या हेडवरून, थर्मोस्टॅटच्या आधी घ्यायचं, परतीचं वॉटर पंपाच्या सक्शनला, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या बाजूला, सोडायचं. होज (रबरी पाइप) हीटरचाच घ्या, आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) हवाच, माझा होज तिथेच पत्र्याला घासून कापला गेला होता. ब्लोअरला, म्हणजे हीटरच्या पंख्याला, रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज लावा. कूलंट भरताना जीपचं नाक चढावर ठेवा, हीटरचा वरचा होज सैल करा, बुडबुडे थांबून सलग धार आली की क्लिप आवळा. इंजिन गार असतानाच हां हे सगळं.