पेडल स्टीलसाठी जुना हायब्रिड अॅम्प कसा निवडावा

‘अॅम्पच्या मागे काचेचे व्हॉल्व्ह (ट्यूब) दिसले की आवाज गोड असणारच’ हा सल्ला गिटारवाल्याला एक वेळ चालेल, परंतु पेडल स्टील (धातूच्या कांडीने वाजवायची, तारांचा स्वर पायातल्या पेडलांनी बदलणारी आडवी गिटार) वाजवणाऱ्याने तो ऐकूच नये. गिटारवाल्याला व्हॉल्व्हचा आवाज थोडा फाटलेला हवा असतो, आणि आपल्याला तो अजिबात फाटायला नको असतो. आपण तार छेडताना आवाज कमी-जास्त करणारे वेगळे व्हॉल्यूम पेडल अर्धेच दाबलेले असते आणि स्वर विरू लागला की पाऊल हळूहळू खाली नेऊन तो टिकवून धरतो. त्यामुळे पेडल अर्धे असताना जो अॅम्प पुरेसा वाटतो, तो पेडल पूर्ण दाबल्यावर कसा वागतो यावरच निवड करायची असते. टेक्सासमध्ये राहत असताना मी असे सात अॅम्प घेतले आणि त्यांपैकी पाच विकले. त्या व्यवहारांतून जे कळले ते येथे क्रमाने मांडतो.

हायब्रिड म्हणजे पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा किंवा ऑप-अॅम्प चिपांचा आणि शेवटचा ताकदीचा भाग व्हॉल्व्हचा, अशा अॅम्पविषयीच मी लिहीत आहे. याच्या उलट रचनेचेही अॅम्प मिळतात, पण त्यांची परीक्षा वेगळी असते.

सर्वप्रथम ताकद ठरवावी. ड्रमसह पूर्ण वाद्यवृंदात वाजवायचे असेल तर शंभर वॅटच्या वरचा अॅम्प घ्यावा. घरी, ध्वनिमुद्रणात किंवा लहान बैठकीत पन्नास ते पासष्ट वॅट पुरतात. व्हॅन शिपले, हजारा सिंग किंवा सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डी ऐकून ज्यांनी हवाईयन गिटार मांडीवर घेतली, त्यांच्या वाद्याच्या पिकअपचा (तारांच्या कंपनांचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाचा) जोर सहसा पेडल स्टीलपेक्षा कमी असतो. त्यांनी १३० वॅटचे धूड उचलून कंबर मोडून घेण्याचे काही कारण नाही.

मग नावे. माझ्या मते शोध दोनच घराण्यांपासून सुरू करावा. पहिले म्युझिक मॅन. लिओ फेंडर, फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांच्या या कंपनीने १९७४ पासून या नावाने अॅम्प काढले आणि १९८४ मध्ये ती अर्नी बॉल या कंपनीकडे गेली. ‘सिक्स्टी-फाइव्ह’ आणि ‘एचडी-१३०’ ही तिची स्टीलला शोभणारी मॉडेल्स आहेत. दुसरे पीव्ही, मिसिसिपीतल्या मेरिडियन गावचे: ‘ड्यूस’ मध्ये चार ६एल६जीसी व्हॉल्व्ह असतात आणि ‘मेस’ मध्ये सहा. पीव्हीचाच ‘सेशन ४००’ स्टीलवाल्यांत फार प्रसिद्ध आहे. मात्र तो पूर्णपणे ट्रान्झिस्टरचा आहे, आणि त्याला ‘जुना ट्यूब अॅम्प’ म्हणून विकणारे लोक मला भेटलेले आहेत.

अॅम्प पाहायला जाताना स्वतःचे वाद्य, स्वतःचे पेडल आणि स्वतःची वायर न्यावी. दुकानातल्या साध्या गिटारवर केलेली परीक्षा फुकट जाते, कारण पेडल स्टीलच्या एकेरी गुंडाळीच्या पिकअपचा रोध पुष्कळदा १७ किलोओहमच्या पुढे असतो आणि त्यातून येणारा जोरदार संकेत पुढच्या चिपांना सहज मर्यादेबाहेर नेतो. चिप फाटली की व्हॉल्व्हसारखी हळूहळू फाटत नाही, एकदम करवतीसारखी वाजते. म्हणून व्हॉल्यूमचे बटण कमी, मास्टर (शेवटच्या भागाकडे किती आवाज जायचा ते ठरवणारे बटण) जवळजवळ पूर्ण, आवाज तीक्ष्ण करणारा ब्राइटचा खटका बंद, असे ठेवून पेडल तळापर्यंत दाबावे आणि वरच्या तारांवर तीन स्वरांचा मेळ वाजवावा. मास्टर कमी आणि व्हॉल्यूम जास्त ठेवण्याची गिटारवाल्यांची सवय येथे उलटी करायची आहे, हे विक्रेत्याला समजावत बसू नये.

आता ज्या पायरीवर मी स्वतः आपटलो ती: मागच्या भागाची परीक्षा.

माझा पहिला हायब्रिड अॅम्प मी दहा मिनिटे वाजवून विकत घेतला. आवाज स्वच्छ होता, किंमत बरी होती, आणि मागचा, ताकद कमी-जास्त करणारा ‘हाय-लो’ खटका ‘लो’ वर आहे याकडे माझे लक्षच गेले नाही. घरी आल्यावर तो ‘हाय’ वर टाकला आणि विसाव्या मिनिटाला जळका वास आला. दोन व्हॉल्व्ह आणि त्यांच्या मागचे बरेच काही गेले. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला. चूक विकणाऱ्याची नव्हती, कारण मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की अॅम्प ‘हाय’ वर निदान चाळीस मिनिटे चालू ठेवल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही, आणि जो विक्रेता एवढा वेळ देत नाही त्याचा अॅम्प घ्यायचा नाही.

या चाळीस मिनिटांत काय पाहायचे? मागे वळून, शक्य असल्यास दिवा मालवून, पॉवर व्हॉल्व्हकडे, म्हणजे ताकदीच्या भागातल्या मोठ्या व्हॉल्व्हकडे, पाहावे. आतल्या तारेचा नारिंगी उजेड हा नेहमीचाच. काचेच्या आत दिसणारी निळसर छटाही निरोगी व्हॉल्व्हमध्ये असते; तिला घाबरून मी एकदा एक उत्तम अॅम्प नाकारला, आणि तो दुसऱ्या दिवशी एका वाजवणाऱ्याने माझ्या देखत नेला. घाबरायचे ते निराळ्या गोष्टीला. मधल्या करड्या धातूच्या पत्र्यावर, आपण काहीही वाजवत नसताना, मंद तांबडा डाग उमटला तर अॅम्प ताबडतोब बंद करायला सांगावा. त्या व्हॉल्व्हमधून गरजेपेक्षा फार जास्त प्रवाह वाहत आहे.

डाग दिसला म्हणजे अॅम्प टाकाऊ, असे मात्र नाही. दोष कोठे आहे ते शोधता येते. अॅम्प बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा आणि तांबडा झालेला व्हॉल्व्ह दुसऱ्या बाजूच्या व्हॉल्व्हशी बदलावा. पुन्हा चालू केल्यावर डाग व्हॉल्व्हबरोबर नव्या जागी गेला तर दोष व्हॉल्व्हचा, म्हणजे किरकोळ. डाग जुन्याच जागी राहिला तर दोष सर्किटचा. म्युझिक मॅनच्या सुरुवातीच्या अॅम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्हच्या शेजारी एक लहान १२एएक्स७ व्हॉल्व्ह असतो. नंतरच्यांत तो गेला आणि त्याचे काम ट्रान्झिस्टरांकडे आले, जे पॉवर व्हॉल्व्हचे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारे टोक) चालवतात. या नंतरच्या प्रकारात एखादा ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला तर त्या बाजूचे व्हॉल्व्ह लाल होतात, आणि तुटला तर त्या बाजूचे व्हॉल्व्ह काहीच काम करत नाहीत व आवाज अर्धवट, चिरका येतो. अशा अॅम्पला नवे व्हॉल्व्ह घालून विकणारे बरेच आहेत, आणि ते नवे व्हॉल्व्हही काही तासांत जातात. म्हणून ‘नुकतेच सगळे व्हॉल्व्ह बदललेत’ हे वाक्य ऐकले की मी किंमत वाढवत नाही, उलट जास्त प्रश्न विचारतो.

निवड माझ्यावर सोपवली तर मी १२एएक्स७ वाला जुना प्रकार घेईन. आवाजात फरक आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला स्टीलवर तो फारसा ऐकू येत नाही. माझे कारण साधे आहे: तो दुरुस्त करायला सोपा आहे.

पुढचा धोका व्होल्टेजचा. म्युझिक मॅनच्या अॅम्पमध्ये ‘हाय’ वर पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटला (त्याच करड्या पत्र्याला) सुमारे ७०० व्होल्ट मिळतात. ईएल३४ ची अधिकृत मर्यादा ८०० व्होल्ट असल्याने कागदावर ती सुरक्षित आहे, पण ६एल६जीसीची मर्यादा ५०० आहे; त्या काळच्या अमेरिकी व्हॉल्व्हनी ही जास्तीची ओढ सोसली, आजचे सगळेच सोसतील असे नाही. आत कोणते व्हॉल्व्ह आहेत आणि मुळात कोणते होते, ही दोन्ही उत्तरे जुळली पाहिजेत. म्युझिक मॅनच्या सुरुवातीच्या बहुतेक अॅम्पमध्ये ६सीए७ (ईएल३४ चेच अमेरिकी नाव) होते, नंतरच्या अनेकांत ६एल६जीसी. दोघांच्या पायांची जोडणी सारखी नाही, आणि ईएल३४ ची तापतार १.५ अँपिअर घेते तर ६एल६जीसीची ०.९, म्हणजे ६एल६जीसीच्या जागी चार ईएल३४ घातले की ट्रान्सफॉर्मरवर २.४ अँपिअरचा जादा बोजा येतो. ‘बसतात ना सॉकेटमध्ये, मग चालतात’ असे म्हणणाऱ्या कारागिराकडे अॅम्प कधीही ठेवू नये. व्हॉल्व्ह काढण्या-घालण्यापलीकडे स्वतः आत हात घालू नये, हेही सांगून ठेवतो: वीज काढून घेतल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार राहू शकतो.

सगळी बटणे शून्यावर असताना जाड गुणगुण ऐकू आली तर फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठ्यातले चढउतार सपाट करणारे भाग) बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. ते मूळचेच असतील तर गुणगुण नसतानाही वजा करावा.

स्पीकरविषयी वाद फार आणि हिशेब सोपा आहे. पेडल स्टीलच्या तारा लावण्याच्या दोन नेहमीच्या जुळण्यांपैकी ई९ मधली सर्वांत खालची तार सुमारे १२३ हर्ट्झची, तर सी६ ची सुमारे ६५ हर्ट्झची. फक्त ई९ वाजवणाऱ्याचे बारा इंचीवर छान भागते. सी६ वाजवणाऱ्याने पंधरा इंचीच घ्यावा, आणि जेबीएलचा डी१३० किंवा के१३० सुस्थितीत मिळाला तर अॅम्पच्या दुसऱ्या एखाद्या उणिवेकडे थोडे दुर्लक्ष करायला माझी हरकत नाही. मात्र ८ ओहमचे दोन बारा इंची स्पीकर समांतर जोडलेले असतात तेव्हा अॅम्पला ४ ओहम दिसतात. त्यांच्या जागी ८ ओहमचा एक पंधरा इंची लावला की मेळ बिघडतो. मागच्या बाजूला छापलेला ओहमचा आकडा वाचावा.

राहिला भारतात आणण्याचा प्रश्न. अमेरिकी अॅम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेले असतात. १३० वॅटच्या अॅम्पला निदान ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. व्होल्टेज त्याने उतरते, परंतु आपल्याकडचे ५० हर्ट्झ तसेच राहतात आणि अॅम्पचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर त्यावर अधिक तापतो. पुण्यात मी माझा ‘सिक्स्टी-फाइव्ह’ असाच चालवतो, मागे हवा खेळेल इतकी जागा ठेवून आणि बहुतेक वेळ ‘लो’ वर. परदेशी बाजारासाठी काढलेला, व्होल्टेज निवडण्याची सोय असलेला नमुना मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यावेत. आणि विमानाने आणताना पॉवर व्हॉल्व्ह काढून, प्रत्येकावर त्याच्या सॉकेटचा क्रमांक लिहून, हातातल्या पिशवीत ठेवावेत.