फोटोतला अंगठा माझाच
आमच्या मालाचे फोटो दुसऱ्याच विक्रेत्याच्या पानावर दिसले. एकात तर कोपऱ्यात माझा अंगठासुद्धा तसाच! तिरमिरीत फोन लावणार होतो, पण वकीलबाई म्हणाल्या, आधी पुरावा. तारखेसकट स्क्रीनशॉट, कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, सगळं जमवलं. कॉपीराइट नोंदवलेला नव्हता, त्याची धाकधूक होती. पण १८८६ च्या बर्न करारातल्या, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत तो नोंदणीशिवायच मिळतो. (पेटंटला मात्र अर्ज लागतोच.) मग ऑनलाइन बाजारपेठेकडे तक्रार आणि विक्रेत्याला वकिलाची नोटीस, दोन्ही एकदमच. चार दिवसांत फोटो गायब. नाहीतर कोर्टातून तातडीचा मनाई हुकूम मागणार होतो. नुकसानभरपाईचा नाद सोडला. पदरात पडलं असतं त्यापेक्षा खर्चच जास्त झाला असता.