‘फेसिंग अ‍ॅन इश्यू’ सोडून: अचानक आलेली अडचण इंग्रजीत कशी सांगावी

ऑफिसच्या मेलमध्ये काही बिनसलं की आपल्या बोटांना एकच वाक्य सुचतं: ‘आय अ‍ॅम फेसिंग अ‍ॅन इश्यू.’ पासवर्ड चालत नसला तरी तेच, क्लायंटची फाइल उघडत नसली तरी तेच. व्याकरणात चूक नाही, आणि भारतात ते सगळ्यांना कळतं. पण ‘फेस’ हे वजनदार क्रियापद आहे. दुष्काळ, खटला, नोकरकपात अशा समोर उभ्या ठाकलेल्या संकटाला ते शोभतं. अवचित उपटलेल्या रोजच्या अडचणीसाठी इंग्रजीत साधी, बोलकी क्रियापदं आहेत आणि ती निवडणं वाटतं तेवढं अवघड नाही.

सुरुवात मराठीतूनच करा. जे झालं ते घरी सांगाल तसं मनात म्हणा. ‘तांत्रिक अडचणीचा सामना करावा लागला’ ही बातमीची भाषा झाली आणि ‘फेस’ तिथूनच येतो. घरी आपण म्हणतो, गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं. बेत फिसकटला. ऐनवेळी काम निघालं. आता इंग्रजी बघा: ‘द कार ब्रोक डाउन.’ ‘वुई रॅन आउट ऑफ पेट्रोल.’ ‘द प्लॅन फेल थ्रू.’ ‘समथिंग केम अप.’ यातलं शेवटचं तर फार कामाचं. कारण न सांगता, तरीही सभ्यपणे येणं रद्द करता येतं.

मग कर्ता ठरवा. मराठीत बहुतेक वेळा अडचणच कर्ता असते: अडचण आली, लाइट गेली. इंग्रजीतही तसं चालतं: ‘अ प्रॉब्लेम केम अप’, ‘द पॉवर वेंट आउट’. अडचणी मध्येच डोकं वर काढत असतील तर ‘क्रॉप अप’. माणसाला कर्ता करायचं असेल तर ‘रन इनटू’ घ्या: ‘वुई रॅन इनटू अ प्रॉब्लेम विथ द पेमेंट.’ चालता चालता समोर काहीतरी आलं, आधी दिसलं नव्हतं, हा भाव त्यात आहे. म्हणूनच जुना मित्र रस्त्यात अचानक भेटला तरी हेच क्रियापद लागतं. ‘एन्काउंटर’चा अर्थ जवळपास तोच, पण ते अहवालात आणि सॉफ्टवेअरच्या एरर मेसेजमध्ये बरं. सहकाऱ्याशी बोलताना ते परकं वाटतं.

क्रियापदाला कोणतं नाम चालतं, हेही पाहावं लागतं. ‘रन इनटू’ला ट्रबल, प्रॉब्लेम, ट्रॅफिक, विरोध हे सगळं चालतं, आजारपण नाही. अपघाताला आपल्याकडे ‘मेट विथ अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’ म्हणतात. ब्रिटन-अमेरिकेत बोलताना सरळ ‘हॅड अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’. उशीर झाला तर ‘आय गॉट हेल्ड अप’ आणि कोंडीत अडकलात तर ‘आय गॉट स्टक इन ट्रॅफिक’.

सगळ्यात जास्त घसरण होते ती ‘ट्रबल’पाशी. या अर्थी त्याच्या आधी ‘अ’ येत नाही आणि पुढे ‘टू’ही नाही, आयएनजी लागतो. ‘आय अ‍ॅम फेसिंग ट्रबल टू लॉगिन’ याऐवजी लिहा: ‘आय अ‍ॅम हॅविंग ट्रबल लॉगिंग इन. इट वर्क्ड फाइन यस्टरडे.’ दुसरं वाक्य मुद्दाम जोडलंय. कालपर्यंत चालत होतं म्हटलं की अडचण अचानक आली, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. मग ‘सडनली’, ‘अनएक्स्पेक्टेडली’ यांची गरज उरत नाही.

वजनही जोखा. काम थोडं अडलंय, सुटेल, असं सांगायचं तर ‘वुई हिट अ स्नॅग’. स्नॅग म्हणजे नदीच्या पाण्यात रुतलेला झाडाचा बुंधा किंवा फांदी. मिसिसिपी नदीत अशा बुंध्यांवर आपटून वाफेच्या बोटी फुटत, म्हणून अमेरिकी बोटकप्तान हेन्री श्रीव्ह यांनी 1829 मध्ये ते उपटणारी खास बोट बांधली. शब्दामागे बुडालेल्या बोटी असल्या, तरी आज तो किरकोळ अडथळ्यापुरताच आहे. कुणाच्या घरी आजारपण किंवा मृत्यू असेल तिथे तो चुकूनही नको. तिथे ‘शी इज गोइंग थ्रू अ हार्ड टाइम’ म्हणावं. रोजची, न सुटणारी झटापट असेल तर ‘स्ट्रगल विथ’.

शंका आली तर ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचा विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश उघडा. अर्थापेक्षा खालची उदाहरणं वाचा. शब्द बोलण्यातला की लेखी, हेही तिथे बरेचदा दिलेलं असतं. त्याहून खोलात जायचं तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे, म्हणजे खऱ्या लिखाणा-बोलण्यातून गोळा केलेला, शोधता येणारा सुमारे 10 कोटी शब्दांचा संग्रह. त्यात ‘रॅन इनटू’ टाकून पुढे कोणती नामं येतात ते पाहा आणि त्यातली आपल्या कामाची दोन-तीन वाक्यं पूर्ण उतरवून घ्या, सुटं क्रियापद नको.