'गो ऑफ' दिसलं की आधी कर्ता बघा
'द अलार्म वेंट ऑफ' वाचून बरेच जण अलार्म बंद पडला असं धरून चालतात, पण अर्थ बरोबर उलटा आहे, अलार्म वाजला! आणि 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हटलं की मात्र लाईट खरंच गेले. त्यामुळे आधी नक्की काय 'गो ऑफ' झालंय ते बघायचं, बॉम्ब असेल तर फुटला, बंदूक असेल तर गोळी सुटली, दूध असेल तर नासलं (हे जास्त करून ब्रिटिश इंग्लिशमध्ये, अमेरिकेत 'वेंट बॅड' म्हणतात). माणूस असला की खरी गंमत, कारण नुसतं 'ही वेंट ऑफ' म्हणजे निघून गेला, पण पुढे 'कॉफी' आलं तर त्याचं कॉफीवरून मन उडालं आणि 'ऑन मी' आलं तर माझ्यावर जाम भडकला, म्हणून पुढचा शब्द वाचल्याशिवाय अर्थ लावायचाच नाही. 'द मीटिंग वेंट ऑफ वेल' म्हणजे मीटिंग छान पार पडली. आणि हो, अलार्म मी बंद केला असं सांगायचं असेल तर 'आय टर्न्ड ऑफ द अलार्म', तिथे 'गो' चालत नाही.