बी.एड.चा सराव पाठ: सूक्ष्म अध्यापनापासून आंतरवासितेपर्यंत

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. तासांना 80 टक्के हजेरी चालते, शाळेतल्या या मुक्कामाला, म्हणजे आंतरवासितेला, मात्र 90 टक्के लागते. छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, धास्ती घेतात ती आशयाची, पण पाठ बहुतेक वेळा फसतो तो कच्च्या प्रश्नांमुळे. म्हणून तयारीचा मोठा वाटा प्रश्नांवरच घाला.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. एका वेळी एकच कौशल्य, समोर पाच ते दहा सहाध्यायी. 6 मिनिटे अध्यापन, 6 प्रत्याभरण (पाठ कसा झाला यावर अभिप्राय), 12 पुनर्नियोजन, 6 पुन्हा अध्यापन, 6 पुन्हा प्रत्याभरण, असे 36 मिनिटांचे चक्र. यातली 12 मिनिटे सर्रास चहात जातात. ती गेली की दुसरा पाठ पहिल्याचीच नक्कल होतो. दुसरी अडचण सहाध्यायींची: ते पदवीधर, त्यामुळे उत्तरे फटाफट देतात आणि पाठ छान झाल्याचा भास होतो. दोघांना आधीच सांगून ठेवा की आठवीतला मुलगा चुकेल तसे चुका. निरीक्षकाने 'छान झाला' असा शेरा मारण्यापेक्षा मोजावे: एकूण प्रश्न किती, त्यांतले एका शब्दात उत्तर येणारे किती, प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलात. तीन सेकंदही न थांबता स्वतःच उत्तर सांगून टाकणे हा नवख्यांचा हमखास दोष. यानंतर दोन-तीन कौशल्ये जोडून सेतुपाठ घ्या आणि मगच पूर्ण तासिकेकडे वळा.

पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, स्वाध्याय असे टप्पे असतात. तासिका 35 मिनिटांची धरली तर प्रस्तावनेला 4, विवेचनाला 20, उपयोजनाला 5 आणि उरलेला वेळ बाकीच्या टप्प्यांना. प्रस्तावना दहा मिनिटांवर गेली की घंटा होते आणि उपयोजन राहून जाते. मुलांना समजले का, हे तर तिथेच कळणार असते. उद्दिष्टाचे स्पष्टीकरण 'विद्यार्थ्यांना माहिती होते' असे मोघम लिहू नका. 'फरक सांगतो', 'कारण देतो' असे दिसणारे आणि तपासता येणारे क्रियापद हवे.

प्रत्येक प्रश्नापुढे अपेक्षित उत्तर आणि त्याखाली संभाव्य चुकीचे उत्तर लिहा. नमुना इतिहासाचा. 'राजर्षी शाहू महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण केव्हा सुरू केले?' याचे उत्तर 1917, आणि तिथे वर्ग थांबतो. 'शिक्षण मोफत असूनही मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड का ठेवावा लागला असेल?' असे विचारा. कोणी म्हणेल, पालकांना शिक्षणाची किंमत नव्हती. हे उत्तर झिडकारू नका. 'शेतात मदतीला कोण जायचे?' हा पुढचा प्रश्न तयार हवा. विज्ञानात आम्ल-आम्लारी शिकवताना कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-कागलकडच्या वर्गाला लिंबू-साबणापेक्षा गुऱ्हाळ जवळचे असते. उसाचा रस किंचित आम्लधर्मी, म्हणून त्यात चुन्याची निवळी घालतात. भेंडीचा चिकट रस मात्र मळी काढायला असतो. वर्गात कोणीतरी तो विषय काढणारच, तेव्हा दोन्हींतला फरक स्वतःला ठाऊक असू द्या.

शाळेत पहिल्याच दिवशी पाठ मागू नका. आधी पर्यवेक्षकांकडून वेळापत्रक घ्या, विषयशिक्षकांकडून कोणता घटक कुठवर झाला ते विचारा आणि त्यांचे तास मागच्या बाकावर बसून पाहा. दहावीचे वर्ग शाळा सहसा देत नाहीत, त्यासाठी हुज्जत घालू नये. पाचवी ते नववीत पाठ सहज मिळतात.

कोल्हापुरात नियोजन पावसाला धरून करावे लागते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की नदीकाठच्या गावांतली मुले यायची थांबतात. 43 फूट ही धोका पातळी. तिथवर गेल्यास शाळांना सुट्टीही पडू शकते. म्हणून जुलैअखेर ते मध्य ऑगस्ट पाठांची गर्दी करू नका. त्या दिवसांत निरीक्षणे, शैक्षणिक साधने आणि घटक नियोजन उरका.

फळ्याचे काम थोडक्यात: उजव्या कोपऱ्यात इयत्ता, पट आणि हजर संख्या, लिहिलेले शेवटच्या बाकावरून स्वतः वाचून पाहा. बोलताना फळ्याकडे तोंड नको.

घटक चाचणीसाठी आधी संविधान तक्ता (ज्ञान, आकलन, उपयोजन यांना किती गुण ते दाखवणारा), मग प्रश्न. क्रम उलटला की सगळे गुण ज्ञानावर जातात आणि आकलन-उपयोजनाचे रकाने ओढूनताणून भरावे लागतात. 20 गुणांची चाचणी असेल तर ज्ञानाला 6 ते 8 पुरेत. तपासून झाल्यावर प्रश्नागणिक किती मुले चुकली ते मोजा. निम्म्याहून अधिक वर्ग एकाच प्रश्नात अडकला असेल तर आधी प्रश्नाची भाषा पाहा. ती स्वच्छ निघाली तर तेवढाच उपघटक पुढच्या तासाला वेगळ्या उदाहरणाने घ्या आणि त्याचे टाचण, तारखेसह, त्याच वहीत जोडा. कृती संशोधनाचा, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर करायच्या छोट्या अभ्यासाचा, विषय बहुधा अशाच नोंदींतून निघतो, तो वेगळा शोधत बसावा लागत नाही.